एका घरात तीन ‘शुगर’

एका वाचक भगिनीचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

“तासगावजवळच्या गावात आमची द्राक्षबाग आहे. माझी मुलगी नऊ वर्षांची. दिवाळीनंतर ती सारखी पाणी प्यायला लागली, रात्री अंथरूण ओलं करू लागली, कपडे अंगावर ढगळ होऊ लागले. मग पोटात दुखून उलट्या. आधी गॅस्ट्रो समजून सलाईन लावलं. सांगलीला नेलं तेव्हा साखर ४८० निघाली, तीन दिवस आयसीयूत होती. आता दिवसाला चार वेळा इन्सुलिन. घरात सगळे म्हणतात, बेदाणे आणि चॉकलेटं तूच चारलीस. मी गरोदरपणात आंबे खाल्ले होते, तेही निघालं. सासऱ्यांना दहा वर्षं शुगर आहे, ते गोळ्यांवर आहेत. ते तर जन्मभर रानात राबलेले, अंगानं सडपातळ. जाऊबाईंना पोटुशी असताना शुगर निघाली, बाळंतपणानंतर गेली. मग माझ्याच पोरीला सुया का? आत्यासासूबाईंनी एका माणसाकडून पावडर आणली. आठ दिवस दिली आणि खरंच इन्सुलिनचा डोस कमी झाला. तो म्हणतो, पंधरा दिवसांनी सुई बंद करू. करावी का? आणि माझं नेमकं काय चुकलं? दुसऱ्या मुलाचा विचार होता, तो आता सोडून द्यावा का?”

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी सुईचं बोलते, कारण बाकीचं सगळं थांबू शकतं, हे नाही. इन्सुलिन बंद करू नका. पंधरा दिवसांनी नाही आणि एका दिवसापुरतंही नाही. उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, हे जे तुम्ही एकदा पाहिलंत ते इन्सुलिन थांबलं की एक-दोन दिवसांत परत येतं. दर वेळी वेळेत सांगली गाठता येईलच असं नाही. त्या माणसाकडे जायचं ठरलं असेल तर आजच नाही म्हणून कळवा, आणि पावडर कपाटात न ठेवता तुमच्या डॉक्टरांना नेऊन दाखवा. तिच्यात काय आहे हे कुणालाच माहीत नाही.

डोस कमी झाला हे मात्र खरं आहे, आणि तो पावडरीनं झालेला नाही. इन्सुलिन सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच मुलांचं असं होतं. शरीरात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींपैकी थोड्या अजून जिवंत असतात. वाढलेल्या साखरेच्या ओझ्याखाली त्या दबून गेलेल्या असतात. बाहेरून इन्सुलिन मिळालं की त्यांना विसावा मिळतो आणि त्या पुन्हा थोडं काम करू लागतात. डॉक्टर याला ‘हनिमून पिरियड’ म्हणतात. काही आठवडे, काही महिने, क्वचित त्याहून जास्त चालतो. मग त्या उरलेल्या पेशीही जातात आणि डोस परत वाढतो. नेमक्या याच दिवसांत पावडरवाले, काढेवाले, अंगारेवाले येतात आणि श्रेय घेऊन जातात. त्यांच्यावर विश्वास ठेवून सुई सोडलेली आणि बेशुद्ध होऊन आलेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून हे इतक्या जोरानं सांगते आहे.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते. तुमचं काय चुकलं? काहीही नाही. पण नुसतं ‘काही नाही’ म्हटल्यानं घरात कुणाचं समाधान होणार नाही, म्हणून हे होतं कसं ते सविस्तर सांगते. पत्र घरात मोठ्यानं वाचलंत तरी चालेल.

तुमच्या घरात शुगरची तीन माणसं आहेत असं तुम्ही लिहिलंत. माझ्या मते तुमच्या घरात तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांना मिळून एकच नाव पडलं आहे. रक्तातली साखर वाढणं हे तिन्हींत दिसतं, जसा ताप मलेरियातही दिसतो आणि टायफॉइडमध्येही. तापावरून कुणी म्हणत नाही की दोन्हीचं कारण एक. शुगरच्या बाबतीत मात्र आपण सर्रास तसं म्हणतो. त्यालाही कारण आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) मोठ्या पाहणीनुसार देशात मधुमेह असलेले लोक दहा कोटींच्या वर आहेत, आणि त्यातले बहुतेक तुमच्या सासऱ्यांसारखे, दुसऱ्या प्रकारचे (टाइप २). गावात ज्याला-त्याला शुगरबद्दल जे ठाऊक असतं ते या प्रकारावरून आलेलं असतं. मग तेच शहाणपण नऊ वर्षांच्या पोरीला लावलं जातं आणि बोट आईकडे वळतं.

तुम्ही बागायतदार आहात, तर बागेवरूनच सांगते. विहिरीवर मोटर आहे, तिथून पाइपलाइन, पुढे ठिबकच्या नळ्या, आणि शेवटी वेलीच्या मुळाशी पाणी. जेवणातून आलेली साखर रक्तातून पेशींपर्यंत पोचवायचं काम इन्सुलिनचं. ते तयार होतं पोटात जठराच्या मागे असलेल्या स्वादुपिंडात, तिथल्या बीटा पेशींत. ही झाली मोटर. लेकीच्या बाबतीत मोटर जळाली आहे. सासऱ्यांच्या बाबतीत मोटर चालू आहे, पण ठिबकची तोंडं क्षारानं चोंदली आहेत. वेलीला पाणी कमी पडतं दोन्हीकडे. पण जळालेल्या मोटरवर नळ्यांत ॲसिड सोडून काय उपयोग? सासऱ्यांच्या गोळ्या तशा आहेत. काही गोळ्या शरीराचा इन्सुलिनला होणारा विरोध आणि यकृतातून सुटणारी जास्तीची साखर कमी करतात, काही मोटरला आणखी जोर लावायला भाग पाडतात. मोटरच नसेल तर गोळीनं दाबायचं कुणाला? उन्हाळ्यात विहीर आटली की तुम्ही बाग टँकरनं जगवता. लेकीचं इन्सुलिन म्हणजे तो टँकर आहे. तो रोज यायलाच हवा.

मोटर जळाली कशी, हे आता पाहू. आपल्या शरीरात जंतूंशी लढणारी फौज असते. लेकीला आहे त्या पहिल्या प्रकारच्या (टाइप १) मधुमेहात ही फौज चुकून आपल्याच बीटा पेशींना शत्रू समजते आणि त्यांचा नाश करते. ती असं का करते याचं पूर्ण उत्तर जगात कुणालाच अजून मिळालेलं नाही. दोन धागे हाती आहेत. एक जनुकांचा: आपलं-परकं ओळखण्याचं काम ज्या जनुकांकडे असतं, त्यांचे काही विशिष्ट नमुने या मुलांत जास्त आढळतात. पण ते नमुने असलेल्या बहुतेक लोकांना हा आजार कधीच होत नाही. हुबेहूब जुळ्यांत एकाला झाला तरी दुसऱ्याला अनेकदा होत नाही. म्हणजे दुसरा धागाही हवा, बाहेरचा. काही विषाणूंवर, विशेषतः पोटात शिरणाऱ्या एन्टेरोव्हायरसवर, शास्त्रज्ञांचा बराच संशय आहे. या आजाराचं प्रमाण जगात सर्वांत जास्त आहे ते फिनलंडमध्ये. तिथे ना आपल्यासारखे पेढे, ना बेदाणे, ना आंबे.

‘आमच्या घराण्यात कुणाला सुया नव्हत्या’ हेही तुम्हाला ऐकवलं गेलं असेल. पहिल्या प्रकारच्या दर दहा मुलांपैकी आठ-नऊ मुलांच्या आईवडिलांना किंवा सख्ख्या भावंडांना हा आजार नसतोच. तो असा अवचित येतो, तुमच्याच घरी नव्हे, बहुतेकांच्या घरी.

आणखी एक गोष्ट आहे, आणि घरच्यांच्या आरोपाला तीच खरं उत्तर देते. तहान लागली, अंथरूण ओलं झालं, तेव्हा आजार सुरू झाला असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बीटा पेशींवरचा हल्ला त्याच्या कितीतरी महिने, अनेकदा वर्षं आधी सुरू झालेला असतो. त्या हल्ल्याच्या खुणा रक्तात सापडतात, त्यांना अँटिबॉडी म्हणतात. सांगलीच्या डॉक्टरांनी ‘जीएडी’ नावाची तपासणी केली असेल तर ती याचीच. बहुतेक पेशी गेल्यावर, उरलेल्यांना काम झेपेनासं झाल्यावर, साखर वर चढते. दिवाळीत तिनं ओंजळभर बेदाणे खाल्ले असतील, करंज्या खाल्ल्या असतील. त्या आधीच आतून बरंच काही घडून गेलं होतं. दिवाळीच्या फराळानं तिला आजार झाला नाही. त्या सुमाराला तो दिसू लागला, इतकंच. गरोदरपणातल्या आंब्यांचं तर नावही काढू नका. लसींमुळे हे झालं असं कुणी म्हणालं तर त्यालाही आधार नाही.

तिला आता बेदाणे कायमचे बंद करायचेही कारण नाही. डॉक्टर किंवा आहारतज्ज्ञ शिकवतील त्या हिशेबानं, मोजून, इन्सुलिनचं गणित जुळवून ती खाऊ शकते. बेदाण्याच्या गावात मुलीला बेदाण्यापासून तोडून ठेवलं तर ती चोरून खाईल, आणि चोरून खाल्लेल्याचा हिशेब लागत नाही.

सासऱ्यांबद्दल तुम्ही लिहिलंत, ‘रानात राबलेले, सडपातळ, त्यांना कशी?’ हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. तुम्ही एका ओळीत असंही लिहिलं होतं की ते १९७२ च्या दुष्काळात जन्मलेले, आणि आजेसासूबाई पोटुशी असताना खडी फोडायला जायच्या, दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढायच्या. ती ओळ वाचून मी थांबले.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात शरीराच्या पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात. पोटाच्या आतली, यकृतातली चरबी वाढणं हे त्याचं मोठं कारण. मोटर जास्त जोर लावून काही वर्षं भागवते, मग तीही झिजते. घराण्याचा वाटा इथे पहिल्या प्रकारापेक्षा कितीतरी मोठा असतो. त्यात वाढतं वय, कमी हालचाल, सुटलेलं पोट, तंबाखू यांची भर पडते. साखर थेट आजार घडवत नाही. पण गोड पेयं आणि भरमसाट खाणं वजनाच्या वाटेनं तिथवर नेतंच, हेही खरं.

मग सडपातळ माणसाचं काय? याचं उत्तर शोधण्यात आपल्या पुण्याचा मोठा वाटा आहे. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचा, त्यांच्या गरोदरपणापासून पुढे मुलांचा, वर्षानुवर्षं अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी, अवयवांनी लहान भरली, चरबी मात्र त्या मानानं जवळपास तितकीच. म्हणजे दिसायला काटकुळी, आतून चरबी राखून असलेली. २००४ साली याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. उंची-वजनाच्या हिशेबानं दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणून आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा कमरेचा टेप जास्त खरं बोलतो. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत असावी असं आपल्यासाठी ठरवलं आहे. सासऱ्यांचे हातपाय काटक असतील, पण धोतराच्या गाठीवर पोट येतं का ते बघा.

आईच्या पोटात बाळाची उपासमार झाली तर त्याचं शरीर कमी अन्नात भागवायला शिकून जन्माला येतं. पुढे तेच शरीर सुबत्तेत वाढलं की ते त्याला पेलत नाही. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे भीषण उपासमार झाली. त्या महिन्यांत जी मुलं आईच्या पोटात होती, त्यांची मोठेपणी तपासणी केली तेव्हा साखर हाताळण्याची त्यांच्या शरीराची ताकद कमी निघाली. सासऱ्यांना मधुमेह बहात्तरच्या दुष्काळामुळेच झाला असं मी म्हणू शकत नाही. एकट्या माणसाबद्दल तसं सांगताच येत नाही. पण त्यांचा आजार त्यांच्या जिभेनं ओढवून घेतला इतकी साधी ती गोष्ट नाही, हे मात्र नक्की. आजेसासूबाईंनी जे सोसलं त्याचा हिशेब नातवंडांच्या पिढीपर्यंत कुणी मांडलाच नव्हता. त्यांनाही यात दोष देऊ नये. तापलेल्या उन्हात खडी फोडणाऱ्या बाईला कोण दोष देईल?

जाऊबाईंचं तिसरंच. गरोदरपणात वार, म्हणजे बाळाचं पोषण करणारी नाळेची गादी, काही संप्रेरकं सोडते. बाळाला साखर भरपूर मिळावी म्हणून ती आईच्या इन्सुलिनला थोडा अडसर घालतात. प्रत्येक बाईत हे घडतं. बहुतेकींची मोटर जोर वाढवून निभावते, काहींची पुरी पडत नाही, त्यांची साखर वाढते. वार बाहेर पडली की अडसर गेला, साखर खाली आली. म्हणून ‘गेली’ असं वाटतं. पण मोटरची मर्यादा तिथे कळलेली असते. अशा बायकांना पुढे दुसऱ्या प्रकारचा मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा कितीतरी पट जास्त असते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तपासणी झाली होती का विचारा. नसेल तर आता करा, आणि पुढे दरवर्षी. पुढच्या वेळी दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे सांगायला हवं.

याखेरीजही प्रकार आहेत. काही घराण्यांत एकाच जनुकातल्या दोषानं पिढ्यान्‌पिढ्या, पंचविशीच्या आत शुगर निघते, त्याला ‘मोडी’ म्हणतात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला झालेला मधुमेह बहुधा जनुकीय असतो, आणि त्यातल्या काहींची इन्सुलिनची सुई सुटून गोळीवर भागतं. पण ते जनुकीय तपासणीनंतर ठरतं, कुणाच्या पावडरीवर नाही. स्वादुपिंडात खडे होऊन, स्टेरॉइडच्या औषधांनीही साखर वाढते. कोविडच्या काळात आपण ते बरंच पाहिलं. लहानपणीच्या दीर्घ कुपोषणातून होणाऱ्या, किरकोळ देहाच्या तरुणांत दिसणाऱ्या प्रकाराला आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं २०२५ साली ‘टाइप ५’ म्हणून मान्यता दिली. तुमच्या लेकीचं चित्र, वय, झटपट घटलेलं वजन, रक्तात वाढलेलं आम्ल, हे पहिल्या प्रकाराशी जुळतं. तरी अँटिबॉडीचा रिपोर्ट काय आला ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा. तो तुमचा हक्क आहे.

आत्यासासूबाईंचा जुन्या वैद्यकावर विश्वास असेल तर त्यांना एक सांगा. सुश्रुतसंहितेतही प्रमेह, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो तो आजार, दोन सांगितले आहेत: ‘सहज’ म्हणजे जन्मजात आणि ‘अपथ्यनिमित्त’ म्हणजे चुकीच्या आहार-विहारातून आलेला. पहिल्याचा रोगी कृश, दुसऱ्याचा स्थूल. म्हणजे सगळ्यांना एकच पुडी द्यावी असं त्या ग्रंथालाही वाटलं नव्हतं.

आणि माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन दिलं गेलं त्या कॅनडातल्या टोरांटोची गोष्टही सांगा. १९२२ सालच्या जानेवारीआधी या मुलांना जगवायला एकच उपाय होता, जवळजवळ उपाशी ठेवायचं. तरी ती काही महिने, फार तर एखाद-दोन वर्षं काढत. लिओनार्ड थॉम्पसन हा चौदा वर्षांचा मुलगा, वजन तीस किलोसुद्धा नाही. ११ जानेवारीला त्याला पहिली सुई दिली, ती नीट लागू पडली नाही. औषध आणखी शुद्ध करून २३ तारखेला पुन्हा दिली आणि साखर उतरली. मरणाच्या दारातून परतलेला तो मुलगा पुढे तेरा वर्षं जगला, तेही त्या काळातल्या ओबडधोबड इन्सुलिनवर. सुई म्हणजे आजार फार पुढे गेला, असं गावात समजतात, कारण सासऱ्यांसारख्यांना ती वीस वर्षांनी लागते. लेकीला ती पहिल्या दिवसापासून लागते. तिच्यात नसलेली एक गोष्ट ती सुई भरून काढते, शिक्षा म्हणून कुणी दिलेली नाही.

दुसऱ्या मुलाचा विचार सोडू नका. पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या मुलाच्या भावंडाला तो होण्याची शक्यता साधारण शंभरात पाच. हा आकडा मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या अभ्यासांतला आहे. म्हणजे पंचाण्णव मुलांना होत नाही. पण तुम्हाला जावेसारखी गरोदरपणातली साखर होते का, हे पहिल्या तपासणीत आणि पुन्हा चोवीस ते अठ्ठावीस आठवड्यांत बघायचं.

यजमानांनाही एक निरोप. लेकीची काळजी करता करता स्वतःची साखर तपासायची राहू देऊ नये. वडिलांना मधुमेह आहे, तर तिशीत असतानाच दरवर्षी तपासणी आणि कमरेचा टेप.

शाळेत बाईंना जाऊन भेटा. थरथर, घाम, एकदम भूक, गप्प होणं दिसलं की साखर उतरली असं समजून लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून द्यायची, आणि पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची. दप्तरात ग्लुकोजची पुडी कायम असू दे. लाइट जाते म्हणून इन्सुलिनची काळजी वाटत असेल तर माठात थंड जागी ठेवण्याची रीत डॉक्टरांकडून समजून घ्या.

पुढच्या तपासणीला सासूबाईंना सोबत न्या. तुमच्या तोंडून ऐकलेलं आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं यात घरात फरक पडतो, हे मला माहीत आहे. जाताना पावडरीची पुडी आणि लेकीच्या साखरेच्या नोंदींची वही, दोन्ही पिशवीत घाला.